ॲक्सेसला शिव्या देण्याआधी लॅपटॉपचं झाकण उघडं ठेवायला शिका

मशीदबंदरवाला:
परवा इथे एका क्लाऊडभक्ताने लिहिलं की ॲक्सेसवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस सॉफ्टवेअरवर, धंदा चालवणारे रोज सकाळी फाईल उघडेल की नाही याचा जुगार खेळतात, सगळं फेका आणि महिन्याच्या भाड्याचं सॉफ्टवेअर घ्या. अरे बाबा, फाईल बिघडते ती वापरणाऱ्यांच्या कर्मामुळे. चार जण एकच फाईल वायफायवरून उघडतात, एकजण मध्येच लॅपटॉप मिटून चहाला जातो, अर्धवट लिहिलेलं पान फाईलीत तसंच राहतं. मग शिव्या मायक्रोसॉफ्टला. टेबलं एका फाईलीत, फॉर्म आणि रिपोर्ट प्रत्येकाच्या मशीनवर, मधे केबल. आमच्या पेढीची बिलं, उधारी, गोदाम सगळं असंच चालतं. भाडं कशाला भरू?

पार्लेकर_जुना:
सगळा दोष वापरणाऱ्याचाच? विंडोज १० चं १८०३ अपडेट विसरलात वाटतं. नीट विभागलेल्या, केबलवरच्या फाईलींनासुद्धा 'इनकन्सिस्टंट स्टेट'चा, म्हणजे फाईल बिघडल्याचा, मेसेज येत होता. सर्व्हरच्या रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांत, लीजिंग (सर्व्हरवरच्या फाईलचा भाग आपल्या मशीनवर तात्पुरता ठेवू देणारी सोय) बंद करा, हा उपाय खुद्द मायक्रोसॉफ्टने सांगितला होता. आम्ही काय तेव्हा झाकणं मिटत होतो?

मशीदबंदरवाला:
बरं, ते एक सोडून.

कोडवाला_ठाणे:
एक कशाला? २ जीबीची मर्यादा आहेच. रेकॉर्ड डिलीट केले तरी कॉम्पॅक्ट करेपर्यंत, म्हणजे रिकामी जागा काढून टाकेपर्यंत, फाईल फुगलेलीच राहते. आणि 'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर' म्हणजे संजीवनी नव्हे. वाचता येत नाही तो रेकॉर्ड ते खुशाल टाकून देतं. चुका कधी एमसिसकॉम्पॅक्टएरर नावाच्या टेबलात लिहून ठेवतं, पण ते उघडून बघतो कोण? एका गिऱ्हाइकाच्या उधारीच्या टेबलात मधल्याच ओळीत चिनीसारखी अक्षरं, पुढच्या रकान्यात 'डिलीटेड'. थेट रिपेअर मारलं असतं तर ती ओळ गेली असती आणि प्रत्येक ओळ वेगळी ओळखणारी प्रायमरी की सुद्धा. आधी फाईलची कॉपी काढली. मग कोरी फाईल, त्यात बाकीची टेबलं इम्पोर्ट, आणि त्या टेबलातले खराब ओळीच्या वरचे आणि खालचे रेकॉर्ड क्वेरीने वेगवेगळे उचलले. ती एक ओळ शेवटी कागदी बिलावरून हाताने भरली.

फॉन्टग्रस्त:
तुमचं सगळं इंग्रजीत, म्हणून या गप्पा सुचतात. आमच्या परळच्या पतपेढीत सभासदांची नावं जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाईप केलेली. फॉन्ट काढला की 'विठ्ठल'च्या जागी टिंबं लावलेली युरोपी अक्षरं. एसक्यूएल सर्व्हरवर, मायक्रोसॉफ्टच्याच मोठ्या डेटाबेसवर, न्या म्हणे! कशी नेऊ?

पार्लेकर_जुना:
युनिकोड करा की मॅडम, त्यात प्रत्येक लिपीच्या अक्षराला ठरलेला क्रमांक असतो. ॲक्सेस २००० पासून सोय आहे.

फॉन्टग्रस्त:
सोय आहे हो, पण डेटा त्याच्या आधीचा आहे! त्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाईप होते, युनिकोडमध्ये नंतर. रफार तर भलतीकडेच. कन्व्हर्टरने 'शिर्के'चं काय केलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. सभासद काउंटरवर येऊन भांडतात, पासबुकावर नाव चुकलंय म्हणून.

कोडवाला_ठाणे:
आणि सर्व्हरवर नावांचा कॉलम एनव्हारकॅर, म्हणजे युनिकोड अक्षरं मावणारा, ठेवा. साधा व्हारकॅर ठेवलात तर नुसती प्रश्नचिन्हं दिसतील.

मशीदबंदरवाला:
विषय काय, चाललंय काय! म्हणूनच मी पेढीत इंग्रजीत टाईप करायला लावलं.

फॉन्टग्रस्त:
वा शेठ. मुंबईत बसून मराठी नावं इंग्रजीत, आणि वर उपदेश. चव्हाण आणि चवाण एकच माणूस की दोन, हे तुमची उधारीची यादी सांगते का?

मशीदबंदरवाला:
उधारी कोणाची ते आम्हाला तोंडावरून कळतं.

पार्लेकर_जुना:
तोंडपाठच आहे तर ॲक्सेस तरी कशाला, वही काढा.

कोडवाला_ठाणे:
भांडण झालं असेल तर मूळ मुद्द्याचं बोलतो. शेठ, तुमच्या पेढीला कदाचित अजून पाच वर्षं काही लागणार नाही, हे मान्य. पण फाईल ज्याने बांधली तो पोरगा उद्या दुबईला गेला आणि पासवर्डही घेऊन गेला, तर? तिथे कॉम्पॅक्ट चालत नाही. फॉर्म ॲक्सेसचेच राहू द्या, टेबलं एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेसवर हलवा आणि ओडीबीसीने, म्हणजे दोन्हींना जोडणाऱ्या पुलाने, लिंक करा. एक्स्प्रेस फुकट आहे, २ जीबीची कटकट जाते, आणि झाकण मिटलं तरी डेटा सर्व्हर सांभाळतो. फक्त हो-नाहीचे रकाने रिकामे राहू देऊ नका, डीफॉल्ट शून्य ठेवा. नाहीतर एकटे बसून काम करत असाल तरी ॲक्सेस सांगेल की दुसऱ्या कोणीतरी रेकॉर्ड बदललाय.

मशीदबंदरवाला:
फुकट म्हणालात म्हणून वाचतोय. पोरगा दुबईला नाही, बदलापूरला गेलाय, फोन उचलत नाही.

पार्लेकर_जुना:
म्हणजे जुगार चालूच आहे तर.

मशीदबंदरवाला:
तुम्ही गप्प बसा हो. ठाणेकर, मेसेज टाकलाय. पैशांचं आधी बोलू.

फॉन्टग्रस्त:
आणि माझ्या वेलांटीचं?

कोडवाला_ठाणे:
आधी फॉन्टचं नाव आणि वीसेक नावांचा नमुना पाठवा. जोडाक्षरं आणि रफारवाली नावं त्यात हवीत. सभासदांची अख्खी यादी नको, प्लीज.