स्फोटरोधक भिंतीसाठी जिओपॉलिमर काँक्रीट: क्यूबची ताकद तीच, मग गणितही तेच का?

प्रश्न | आरसीसी_विदर्भ

नागपूरजवळच्या एका स्फोटके उत्पादक कारखान्यात दोन प्रोसेस शेडांच्या मधल्या विभाजक भिंतीचे डिझाइन माझ्याकडे आहे. भिंत ३.६ मीटर उंच आणि ३०० मिमी जाड असून खाली पायाला व वर स्लॅबला जोडलेली आहे. मालकांना सिमेंट काँक्रीटऐवजी औष्णिक वीज केंद्राची फ्लाय ॲश (कोळशाची बारीक राख) आणि स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) सोडियम हायड्रॉक्साइडसारख्या अल्कलीने घट्ट करून केलेले जिओपॉलिमर काँक्रीट हवे आहे, शिवाय 'धक्का शोषला जावा' म्हणून त्यात टायरचा रबरचुरा घालावा असेही सुचवले गेले आहे. क्यूबच्या (काँक्रीटच्या घनाकृती ठोकळ्याच्या) दाब-चाचणीत एम-४० ची, म्हणजे दर चौरस मिमीला ४० न्यूटन ताकद मिळत असेल, तर एम-४० साठी केलेले स्फोटभाराचे गणित जसेच्या तसे चालेल काय?

उत्तर १ | गतिकी

वाकण्यापुरते बोलायचे तर बहुतांशी चालेल, कारण तिथे सूत्रे सळईच्या हाती असतात. आपल्या भिंतीत ०.५ टक्के एफई-५०० (दर चौरस मिमीला ५०० न्यूटन ताकदीची) सळई धरली आणि काँक्रीटची ताकद ४० वरून ३६ वर आली, तरी आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाच्या सूत्राने छेदाची वाकण्याची क्षमता एक टक्क्याहूनही कमी घटते.

रबरचुऱ्याला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. जवळच्या स्फोटाची दाबलहर भिंत हलू लागण्यापूर्वीच ओसरते, त्यामुळे भिंतीवर किती दाब आला यापेक्षा किती आवेग (दाब गुणिले तो टिकण्याचा काळ) आला हे निर्णायक ठरते, आणि तोच आवेग हलक्या भिंतीला अधिक वेग देतो. दर चौरस मीटरवर ३,००० न्यूटन-सेकंद आवेग आला असे समजा. २,४०० किलो घनतेच्या काँक्रीटची ३०० मिमी भिंत दर चौरस मीटरला ७२० किलो भरते आणि तिला सुमारे ६,२५० जूल ऊर्जा पचवावी लागते. चुऱ्यामुळे घनता २,००० वर आली तर तोच आकडा ७,५०० होतो. म्हणजे रबराने थोडी ऊर्जा शोषली तरी आधी वीस टक्के जास्तीचे देणे ओढवून घेतलेले असते, आणि ताकद घटते ती वेगळीच.

उत्तर २ | सळईवाला

वरील मताशी सहमत आहे, पण भिंतीची मागची बाजू विसरू नये. दाबाची लहर मागच्या पृष्ठावरून ताणाची लहर होऊन परतते, आणि काँक्रीटची ताणातील ताकद दाबाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकीच असल्यामुळे आतल्या बाजूने खपल्या सुटून पलीकडच्या कामगारांवर उडतात. जिओपॉलिमर काँक्रीट कमाल ताकदीनंतर सहसा अधिक ठिसूळपणे तुटते, म्हणून ही शंका आपल्या बाबतीत जास्त रास्त आहे. हुक असलेले पोलादी तंतू घातल्यास खपल्या बऱ्याच आवरल्या जातात.

उत्तर ३ | प्रीकास्ट_पुणे

आयएस १७४५२ (२०२०) हे अल्कली-सक्रिय काँक्रीटचे मार्गदर्शन प्रीकास्ट वस्तूंसाठी आहे, जागेवर ओतलेल्या स्फोटरोधक भिंतीसाठी नव्हे. केवळ फ्लाय ॲशच्या मिश्रणाला साधारण ६० अंशांची उष्णता द्यावी लागते. स्लॅग वाढवले की ती गरज संपते, पण विदर्भाच्या उन्हाळ्यात मिश्रण शटरिंगमध्ये पोहोचण्याआधीच आवळू लागते, आणि दाट सळईच्या जाळीत राहिलेली पोकळी क्यूबच्या अहवालात कधीच दिसत नाही. सोडियम हायड्रॉक्साइड हाताळणाऱ्या मजुरांना हातमोजे व चष्मे द्यावेत, हेही निविदेतच लिहावे.

आरसीसी_विदर्भ

रबर रद्द करतो. तंतू घातल्यास भिंतीच्या जाडीतल्या आडव्या रिंगा कमी करता येतील का?

गतिकी

नाही. अमेरिकी संरक्षण खात्याच्या यूएफसी ३-३४०-०२ नुसार आधाराशी २ अंशांपर्यंतचे वळण रिंगांशिवाय निभावते. आपल्या भिंतीत त्याचा अर्थ मध्यावर सुमारे ६३ मिमी सरकणे. त्यापुढे ६ अंशांपर्यंत, म्हणजे जवळपास १९० मिमीपर्यंत जायचे, तर दोन्ही बाजूंच्या जाळ्यांना बांधून ठेवणाऱ्या रिंगा हव्यातच, कारण तोवर दाबाच्या बाजूचे कव्हर (सळईबाहेरचा काँक्रीटचा थर) चिरडलेले असते आणि भार केवळ दोन जाळ्यांच्या जोडीवर येतो. ही मर्यादा नेहमीच्या सिमेंट काँक्रीटच्या चाचण्यांवर बेतलेली आहे, त्यामुळे जिओपॉलिमरच्या भिंतीसाठी मी २ अंशांपुढे हिशेब धरणार नाही आणि रिंगा तरीही ठेवीन. लॅप (दोन सळयांचा एकमेकींवर चढवलेला जोड) मध्यावर किंवा आधाराशी देऊ नका, ३.६ मीटरसाठी अखंड सळई सहज मिळते.