घर विकायला काढायचंय: रंग आधी की तपासणी आधी?

प्रश्न:
बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीला खालून दीड-दोन फूट पोपडे धरलेत. रंग उरकून तपासनीसाला बोलवावं की आधी? घरच्या घरी काय बघता येईल?

उत्तर १:
तपासणी आधी. ओल्या भिंतीवर पुट्टी चढवली की थोड्याच दिवसांत तिथेच फुगा येतो. शिवाय एकाच भिंतीला ताजा रंग दिसला की घेणाऱ्याला नेमका तिथेच संशय येतो.

पाणी कुठून येतंय ते शोधा. सगळे नळ बंद करून मीटरचं रीडिंग घ्या. दोन तासांनी काटा सरकलेला असेल तर पाइप गळतोय, नाहीतर फ्लशची टाकी झिरपतेय. (टाकीत खाण्याचा रंग टाका, फ्लश न करता अर्ध्या तासात भांड्यात उतरला तर आतला वॉशर गेला.) काटा जागचा हलला नाही, तर नहाणी ट्रॅप (फरशीतलं पाणी जायचं जाळीचं तोंड) बंद करून बाथरूममध्ये दोन-तीन सेंटिमीटर पाणी साठवा, पातळीवर खूण करा, २४ तास ठेवा. भिंतीची ओल वाढली किंवा खालच्यांच्या छताला डाग आला तर वॉटरप्रूफिंग गेलं समजा. मग नुसतं टाइल्सच्या फटीत ग्राउट भरून भागत नाही.

उत्तर २:
भिंत आणि बीमच्या सांध्यावरची केसासारखी चीर बहुतेकदा प्लास्टरचीच असते. बीम किंवा कॉलमवर सळईच्या रेषेत चीर आणि तांबूस डाग असेल तर मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरलाच दाखवा: गंजलेली सळई फुगते आणि वरचं काँक्रीट ढकलून पाडते. सिमेंट लिंपून ते झाकू नका.

आरसीसीबीचं (करंट गळला की वीज तोडणारा मीटर-बोर्डवरचा सेफ्टी स्विच) टेस्ट बटणही दाबून बघा. लगेच ट्रिप झाला पाहिजे. पण त्यावरून अर्थिंग ठीक आहे असं धरू नका, ते इलेक्ट्रिशियनकडून वेगळं मोजून घ्यावं लागतं.

प्रश्नकर्ता:
ट्रॅपमध्ये कापडाचा बोळा चालेल का?

उत्तर १:
रबरी प्लग बरा. बोळ्यातून पाणी झिरपतं आणि पातळी उतरली की फरशीच गळतेय असं वाटतं. एखाद-दोन मिलिमीटर तर नुसत्या बाष्पीभवनानेही उतरतं. आणि प्लग तोंडाशी बसवला तर तपासली जाते फक्त फरशी. ट्रॅपखालचा सांधा बघायचा तर दुसऱ्या दिवशी प्लग काढून साठलेलं पाणी एकदम सोडा आणि खालचं छत तेव्हा बघा.