अनुभव असला म्हणजे ऐकता येतंच असं नाही
चर्चमधल्या तरुण पाळकांना (धर्मगुरूंना) मन मोकळं करता यावं म्हणून निवृत्त पाळकांनाच मार्गदर्शक नेमावं, अनुभव असताना वेगळं प्रशिक्षण कशाला, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. अनुभवी माणूस दोन वाक्यं ऐकतो आणि 'आमच्या वेळी' सुरू करतो. बायबलमधल्या निर्गम 18 मधला इथ्रो, म्हणजे मोशेचा सासरा, बघा. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे सोडवतोय हे त्याने आधी पाहिलं, मग 'तू एकटाच का बसतोस' असं विचारलं, सल्ला त्यानंतर. आणि नंतर तो आपल्या देशी परत गेला, अधिकार गाजवायला थांबला नाही. आपल्याकडे मात्र पाळकाची बदली ज्यांच्या हाती, त्यांच्यापुढेच मन मोकळं करा म्हणतात. कुठला तरुण पाळक करेल?

ऐकणाऱ्याच्या तयारीची एक पद्धत अशी आहे. अँटन बॉयसन या पाळकांनी 1925 मध्ये अमेरिकेतल्या वुस्टरच्या मनोरुग्णालयात धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना रुग्णांच्या सहवासात शिकवायला सुरुवात केली. त्यातून पुढे वाढलेल्या प्रशिक्षणात भेटीनंतर संभाषण आठवून शब्दशः लिहितात आणि गटात वाचतात. आमच्याकडे मंडळीतले वडील, म्हणजे चर्चचे जबाबदार ज्येष्ठ, पाळकाला भेटल्यावर हे करतात, पाळकाची परवानगी घेऊन, नाव न लिहिता. एका कागदावर पाळकाचं वाक्य होतं, "रविवार जवळ आला की पोटात गोळा येतो." लगेच खाली वडिलांचं, "चला, प्रार्थना करू या." मोठ्याने वाचताना ते स्वतःच अडखळले. पुढच्या भेटीत त्यांनी आधी "कधीपासून होतंय?" एवढंच विचारलं, तेव्हा कुठे थकलेल्या पगाराचा आणि घरभाड्याचा विषय निघाला.