ब्लॅकजॅक: १० वर डीलरची दश्शी, ट्रू काऊंट +४: डबल करायचं की नुसतं हिट?

एडिसनकर:
मंडळी, दोन वर्षं घरी हाय-लो, म्हणजे ब्लॅकजॅकचे पत्ते मोजायची पद्धत, घोटून आता महिन्यातून एकदा अटलांटिक सिटीच्या कॅसिनोत जातो. बँकरोल, म्हणजे फक्त खेळायचे पैसे, वेगळा काढलेला, १०,००० डॉलर. परवा ६ डेकच्या शूमध्ये (पत्ते वाटायचा डबा) काऊंट +४ ला गेला, म्हणजे उरलेल्यात मोठे पत्ते जास्त, १०० लावले, मला छक्का-चौका आला आणि डीलरचा गुलाम, म्हणजे दश्शीच. कुठल्या काऊंटला काय खेळायचं त्याच्या तक्त्यात +४ ला डबल (बेट दुप्पट करून एकच पत्ता घेणं) आहे म्हणून आणखी १०० ठेवले, आला पंजा, डीलरने खालून राणी काढली, २०० गेले. हरलो त्याचं वाईट नाही वाटत, पण सोबतचा मित्र म्हणाला की तिथे हिटच, म्हणजे बेट तीच ठेवून पत्ता घेणं, करायला हवं होतं. मग तक्ता चुकीचा आहे का?

मोजूनमापून:
तक्ता बरोबरच आहे, पण तो फक्त सरासरी फायदा बघतो. +४ हा असा आकडा आहे की तिथे डबल आणि हिटची सरासरी जवळजवळ सारखीच येते, आणि पैसे मात्र दुप्पट अडकतात, म्हणजे चढउतार, व्हेरियन्स म्हणतो आपण तो, चौपट. हिशोब करून बघा: १०० चा व्हेरियन्स साधारण १०,०००, २०० चा ४०,०००, जादाचा ३०,०००. बेट किती लावायची ते सांगणाऱ्या केलीच्या सूत्राच्या हिशोबात याची किंमत काढायची तर बँकरोलच्या दुपटीने भागायचं, ३०,००० भागिले २०,०००, दीड डॉलर. म्हणजे डबल केल्याने सरासरीत किमान दीड डॉलर जास्त मिळत असेल तरच करायचं, आणि नेमकं +४ ला तेवढं मिळत नाही, काऊंट अजून वर जावा लागतो. मित्र बरोबर बोलला.

शू_संपेपर्यंत:
मला त्या डबलपेक्षा १०० चीच काळजी वाटतेय. +४ ला तुमची कड, म्हणजे कॅसिनोवरचा सरासरी फायदा, धरा दीड टक्का, तिला १.३ ने (एका हाताचा व्हेरियन्स) भागून बँकरोलने गुणलं तर ११५ येतात, म्हणजे तुम्ही जवळपास फुल केली, सूत्राने सांगितलेली पूर्ण बेट, खेळताय. जॉन केलीने १९५६ मध्ये बेल लॅब्जमध्ये हे सूत्र मांडलं ते पैसे वाढवायला सगळ्यात वेगवान आहे हे खरं, पण पैसे कमी झाल्यावरही बेट तीच ठेवली तर सगळं बुडायची शक्यता १३.५ टक्के. अर्धी केली घ्या, वाढ पाऊणपट राहते आणि बुडायची शक्यता २ टक्क्यांच्या आत येते. मी आठ वर्षं अर्धीच खेळतोय आणि त्यामुळेच अजून खेळतोय.

मोजूनमापून:
सहमत, फक्त एक, पगारातून दर महिन्याला भर घालत असाल तर खरा बँकरोल १०,००० पेक्षा मोठा धरायला हरकत नाही. पण ती भर नक्की येणारी हवी, घराच्या हप्त्यातून ओढलेली नको.

एडिसनकर:
हे कुणी आधी सांगितलंच नव्हतं, मनापासून आभार. मग इन्शुरन्सलाही (डीलरचा एक्का दिसला की त्याला ब्लॅकजॅक, म्हणजे एक्का आणि दश्शी, निघेल यावर लावायची वेगळी बेट) असंच का? तिथे पण पैसे जास्त लागतात म्हणजे +३ च्या पुढेच घ्यायचा?

मोजूनमापून:
नाही, तिथे हात बघा. तुमच्याकडे २० असेल आणि डीलरचा एक्का, तर ब्लॅकजॅक निघाला की हात जातो पण इन्शुरन्स येतो, नाही निघाला तर इन्शुरन्स जातो पण २० बहुतेक जिंकतो. एक दुसऱ्याला सावरतो, चढउतार उलट कमी होतो, म्हणून २० वर मोठी बेट असेल तर +३ च्या किंचित आधी घेतला तरी चालतं. १६ असेल तर ब्लॅकजॅक नाही निघाला तरी इन्शुरन्सही गेला आणि हातही बहुतेक गेलाच, तिथे +३ च्या जरा पुढेच. डीलर "चांगल्या हाताचा इन्शुरन्स घ्या" म्हणतो तेव्हा काऊंट शून्याच्या खाली असेल तर मात्र अजिबात ऐकू नका.

एडिसनकर:
आणि १६ वर दश्शी? तिथे हात नेहमी थरथरतो.

शू_संपेपर्यंत:
तिथे बिनधास्त तक्ता. हिट करा नाहीतर थांबा, अडकलेले पैसे तेवढेच, त्यामुळे शून्य किंवा वर असेल तर थांबायचं, खाली असेल तर हिट. टेबलवर सरेंडर असेल तर गोष्ट वेगळी, अर्धे पैसे देऊन मोकळं होता येतं आणि चढउतार उरतच नाही. १४ वर दश्शीला सरेंडरचा आकडा +३ आहे, बेट मोठी असली की मी अडीचलाच करतो.