मदत हवी आहे: कोरफडीचं जेल गुलाबी पडतंय, रविवारी कार्यक्रम आहे

डोंबिवलीची_पोर
नमस्कार, प्लीज कोणीतरी लवकर सांगा. जेल करून बाटल्यांत भरून ठेवलंय आणि ते आता गुलाबीसर पडायला लागलंय, वरती पाणी सुटलंय आणि एका बाटलीला आंबूस वास पण येतोय. रविवारी घरी पदवीचा कार्यक्रम आहे, तीसेक माणसं येणार, प्रत्येकाला जाताना एक छोटी बाटली द्यायची ठरलंय, लेबलं पण छापून आलीत. काय टाकलं की रंग थांबेल? यूट्यूबवर एक जण म्हणतो लिंबू पिळा, एक जण म्हणते व्हिटॅमिन ई. नक्की काय करू? विकतचं जेल भरून द्या असं कृपया सांगू नका, ते नकोच आहे.

गच्चीवाला
ताई, आधी थोडी माहिती द्या. कोरफड घरच्या कुंडीतली का पानं विकत आणली? पान कापल्यावर उभं करून पिवळा चीक गळू दिला होता का? बाटल्या फ्रीजमध्ये आहेत का बाहेर? जेलमध्ये अजून काय काय घातलंय? हे कळल्याशिवाय सांगणं म्हणजे अंदाजपंचे.

सातारची_काकू
व्हिटॅमिन ईच्या कॅप्सूल फोडून टाक बाळा, वाटीला दोन. मी कित्येक वर्षं घालते, आठवडाभर जेल छान राहतं. लिंबू अजिबात नको, चेहऱ्याला लावून कोणी उन्हात गेलं तर काळे चट्टे पडतात. मुलीचं अभिनंदन!

फार्मसीवाली
काकू, लिंबाचं तुमचं अगदी बरोबर आहे. पण व्हिटॅमिन ई तेलं खवट होऊ नयेत म्हणून वापरतात, त्याने बुरशी किंवा जिवाणू थांबत नाहीत. तुमचं आठवडाभर राहतं ते फ्रीजमुळे राहत असणार. कोरफडीच्या गरात जवळजवळ सगळं पाणीच असतं, वर पावसाळ्यातली दमट हवा, त्यामुळे ते बाहेर टिकणारच नाही. गुलाबी रंग हवा लागून येतो, त्याचं एवढं काही नाही, पण आंबूस वास म्हणजे आत काहीतरी वाढतंय. त्या बाटलीतलं जेल कोणाच्याही चेहऱ्याला लावू नका.

डोंबिवलीची_पोर
@गच्चीवाला घरचीच कोरफड आहे, मोठ्ठी आहे. बाटल्या बाहेर ओट्यावर आहेत कारण फ्रीजमध्ये इतक्या मावत नाहीत आणि फ्रीजमध्ये ठेवल्या तर कळेल ना. पानं धुऊन सोलून मिक्सरला फिरवली, त्यात घरी केलेलं गुलाबपाणी घातलंय, बास. मला कारणं नकोत हो, उपाय सांगा, रविवार जवळ आलाय.

गच्चीवाला
मिक्सरला फिरवलंत म्हणजे भरपूर हवा गेली, त्यानेच रंग इतक्या लवकर आला. आणि फक्त धुऊन भागत नाही. साल आणि गर यांच्या मधे पिवळा चीक असतो, त्यात अ‍ॅलोइन असतं, काही जणांच्या कातडीला त्याने खाज सुटते. पान बुडाशी कापून भांड्यात पंधरावीस मिनिटं उभं ठेवायचं, चीक गळतो, मग टोकं आणि कडेचे काटे काढायचे, पुन्हा धुवायचं आणि मग सोलायचं. हाच चीक सुकवला की काळाबोळ होतो, पूर्वी पोट साफ व्हायला, जुलाब व्हावेत म्हणून द्यायचे. गुलाब कुठले घेतले होते?

डोंबिवलीची_पोर
गुलाब फूलबाजारातून आणले. का?

गच्चीवाला
बाजारातल्या गुलाबांवर फवारे मारलेले असतात, ती फुलं हाराला ठीक, तोंडाला लावायचं गुलाबपाणी त्याचं करू नये. स्वतःच्या कुंडीतली असतील तरच.

नागपूरची_संत्री
अभिनंदन पोरीचं! माझं एकच म्हणणं आहे, घरच्या फोटोसाठी तो काळा गाऊन भाड्याने आणू नका बाप्पा. आपल्या हवेत काय कामाचा तो? २०१० मध्ये जयराम रमेश मंत्री असताना भोपाळला वन व्यवस्थापन संस्थेच्या दीक्षांत समारंभात त्यांनी स्टेजवरच गाऊन काढून ठेवला होता. छान नऊवारी नेसवा पोरीला.

पेठेतला
गाऊन काढला म्हणून वाद संपत नाही. पुणे विद्यापीठाने पोशाख बदलला आणि पगडी आली, तर २०१९च्या समारंभात पुणेरी पगडी की फुले पगडी यावरून विद्यार्थ्यांनी घोषणा दिल्या होत्या. ज्याची पदवी आहे त्याला ठरवू दे. आमच्या वेळी गाऊन घालून काढलेला फोटो अजून हॉलमध्ये आहे, आई रोज पुसायची तो. मला नाही वाटत त्यात काही वाईट आहे.

नागपूरची_संत्री
वाईट नाही म्हटलं मी, गरम होतं म्हटलं.

बे_एरियातली_आजी
इकडे कॅलिफोर्नियात ग्रॅज्युएशनला मुलांच्या गळ्यात फुलांच्या माळा घालतात, लेई म्हणतात, मूळची हवाईची पद्धत. नातीच्या वेळी आम्ही अंगणातल्या मोगऱ्याची माळ केली होती, सुईदोऱ्याने ओवून, ओल्या नॅपकिनमध्ये गुंडाळून फ्रीजला ठेवली होती रात्रभर. तुमच्याकडे आत्ता अनंत फुलला असेल, तगर असेल, त्याची माळ करा. बाटल्यांपेक्षा ते जास्त लक्षात राहतं.

जास्वंदप्रेमी
धागा बागेचा आहे म्हणून इथेच विचारतो, आमच्या जास्वंदीच्या कळ्या उमलायच्या आधीच गळून पडतात, पानं हिरवीगार आहेत. काय करावं?

डोंबिवलीची_पोर
अहो माझं आधी सांगा ना!! माळ छान आहे आजी, पण पाहुण्यांना द्यायला काहीतरी हवंय. प्रिझर्व्हेटिव्ह मिळतं का कुठे बाहेर? ते टाकलं तर चालेल?

फार्मसीवाली
मिळतं. पोटॅशियम सॉर्बेट, सोडियम बेंझोएट असलं काही घालतात. पण ते चिमूटभर घालून चालत नाही, ग्रॅमवर मोजायला बारीक काटा लागतो, जेल किती आंबट आहे ते आम्लपणा दाखवणाऱ्या कागदी पट्टीने बघावं लागतं, कारण हे दोन्ही आम्लपणा पुरेसा असेल तरच काम करतात. आणि मुख्य म्हणजे बिघडलेल्या जेलमध्ये नंतर टाकून ते सुधारत नाही. स्वतः लावायचं असेल तर माणूस थोडा धोका घेतो. पण तीस घरांत जाणार, कोणाचं तान्हं बाळ असेल, कोणी डोळ्यांखाली लावेल, कोणी महिनाभर बाथरूममध्ये ठेवून मग उघडेल. मी तरी देणार नाही. स्वतःला हवं असेल तर ताजा गर बर्फाच्या ट्रेमध्ये फ्रीझ करा, लागेल तसा एकेक खडा काढा.

सातारची_काकू
मग उटणं द्या की. कोरडं असतं, टिकतं, आणि घरचं ते घरचंच. मसूर डाळीचं पीठ दोन वाट्या, मुलतानी माती एक वाटी, संत्र्याच्या सालीची पूड अर्धी वाटी, आणि आंबेहळद, नागरमोथा, वाळा, गव्हला कचोरा, चंदन, गुलाबपाकळीची पूड प्रत्येकी दोन चमचे. सगळं वस्त्रगाळ करायचं. सध्या ऊन नाही तेव्हा साली वाळवत बसू नको, काष्ठौषधीच्या दुकानात पूड तयार मिळते. साधी हळद घालू नको, लोकांचे टॉवेल पिवळे होतात.

पेठेतला
उटणं दिवाळीत. पदवीला उटणं कोण देतं?

सातारची_काकू
का, दिवाळी सोडून लोक अंघोळ करत नाहीत का? लग्नात लावतात, बाळंतिणीला लावतात, बाळाला लावतात. चांगलं घडलं की लावायचं.

गच्चीवाला
मला विचाराल तर बाटली नको आणि उटणं पण नको, सरळ कोरफडीची पिल्लं द्या. झाड मोठं आहे म्हणालात म्हणजे बुडाशी पिल्लं असणारच. ज्याला ताजा गर हवा तो हवा तेव्हा पान कापेल, टिकवायचा प्रश्नच मिटला. लेबलावर काय छापलंय? जेल असं छापलं असेल तर अडचण आहे.

डोंबिवलीची_पोर
जेल नाही छापलंय, फक्त “आईच्या बागेतून” एवढंच आहे.

पेठेतला
आईच्या म्हणजे तुमच्या का? पदवी मुलीची ना?

डोंबिवलीची_पोर
माझी मुलगी चौथीत आहे हो. पदवी माझ्या आईची आहे. आई बी.ए. झाली, नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी. दहावीनंतर लगेच लग्न झालं तिचं, मग आम्ही तिघं भावंडं, आजीचं आजारपण, राहूनच गेलं. पहाटे उठून गॅलरीत कुंड्यांच्या मधे पाट टाकून अभ्यास करायची, पुस्तकाच्या पानांना मातीच्या बोटांचे डाग आहेत. मराठीच्या पेपरला तिला जे मार्क पडलेत ते मला कधीच पडले नाहीत. कोरफड तिचीच आहे, म्हणून तर विकतचं नको म्हणतेय, आणि म्हणून फ्रीजमध्ये ठेवता येत नाही, तिला कळेल. येणारी माणसं म्हणजे तिच्या भिशीतल्या बायका आणि अभ्यास केंद्रातल्या मैत्रिणी.

बे_एरियातली_आजी
अगं हे आधी नाही का सांगायचंस! डोळे भरून आले माझे. आईला माझा नमस्कार सांग.

नागपूरची_संत्री
मुक्त विद्यापीठाचं मोठं काम आहे हो, १९८९ पासून. माझी मावशी बारावी झाली नव्हती, तेव्हा तिथे पूर्वतयारीचा कोर्स होता, तो करून पुढे बी.ए.ला बसली. परीक्षेला बाजूच्या बेंचवर एस.टी.चे कंडक्टर होते, रात्रपाळी करून सरळ पेपरला आलेले. आणि नऊवारीचं मी म्हटलं ते आईसाठी पण लागू आहे.

पेठेतला
गाऊन पण विचारा त्यांना. इतक्या वर्षांनी मिळवलीय पदवी, त्यांना तो फोटो हवा असू शकतो. आपण ठरवू नये.

गच्चीवाला
मग तर पिल्लंच. नीट ऐका. वीतभर झालेली, चारपाच पानं आणि स्वतःची मुळं असलेलीच काढा. कुंडी आडवी करून माती मोकळी करा आणि मुळासकट सोडवा, ओढू नका. तुटल्याची जखम सावलीत दोन दिवस सुकू दे, मग लावा. निम्मी माती, निम्मी जाड वाळू, थोडं जुनं शेणखत. लावल्यावर आठवडाभर पाणी नाही, आणि हे पाहुण्यांना चिठ्ठीवर लिहून द्या, कारण पावसात सगळेजण कुंडीवर तांब्या ओततात आणि कोरफड बुडातून कुजते.

फार्मसीवाली
हे मला पटलं. चिठ्ठीवर चीक गाळायचं पण लिहा, आणि आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस बघायला सांगा.

डोंबिवलीची_पोर
आत्ता जाऊन मोजून आले, बाजारात गेलीय ती. देण्यासारखी जेमतेम बाराच आहेत. बाकीच्यांचं काय? आणि काही पानांवर पांढरे ठिपके आहेत, ती वेगळी जात आहे का? कुंड्या पण नाहीयेत माझ्याकडे.

गच्चीवाला
लहान असताना खऱ्या कोरफडीला पण ठिपके असतात, मोठ्या पानांवरून जातात. मोठ्या झाडाची पानं जाड, राखाडी हिरवी असतील तर काळजी नको. कुंड्यांना चहाचे मातीचे कुल्हड चालतील, पण बुडाला भोक पाडाच. रात्रभर पाण्यात भिजवा आणि मग बारीक ड्रिलने हळूहळू पाडा, कोरडे असताना केलं तर तडकतात.

सातारची_काकू
बारा जणींना पिल्लं आणि बाकीच्यांना उटणं, झालं की! लेबल दोन्हीला चालतंय.

पेठेतला
काकू, उटण्यातलं बागेतलं काय?

डोंबिवलीची_पोर
वाळा आहे आईकडे! मोठ्या ड्रममध्ये लावलाय, मुळं काढता येतील. आणि देशी गुलाबाच्या पाकळ्या ती वाळवून डब्यात ठेवते, त्यावर फवारा वगैरे काही नाही. पण पिल्लं काढली की तिला कळणारच, रोज कुंड्यांशी बोलते ती.

बे_एरियातली_आजी
कळू दे. मी तर म्हणते तिलाच सांग आणि तिच्याच हातून काढून घे. जिने ती वाढवली तिला कोणती द्यायची हे ठरवायला आवडेल. सरप्राइज हवं असेल तर माळेचं ठेव.

गच्चीवाला
+१. आणि वाळ्याची मुळं सगळी काढू नका, ड्रमच्या एका बाजूची काढा, ती दोनतीन पाण्यांनी धुवा. ओली राहिली तर सगळ्या पिठाला बुरशी येईल, तेव्हा पंख्याखाली कडक वाळेपर्यंत दळू नका. रविवारपर्यंत नाहीच वाळली तर दुकानातला वाळा घ्या, पाकळ्या तर आईच्या आहेतच.
@जास्वंदप्रेमी, पावसात कुंडीत पाणी साचलं की कळ्या गळतात. कुंडीखालची ताटली काढा, बुडाचं भोक तारेने मोकळं करा. एक गळलेली कळी उभी चिरून बघा, आत बारीक अळी दिसली तर पडलेल्या सगळ्या कळ्या गोळा करून फेका, कुंडीत राहू देऊ नका.

जास्वंदप्रेमी
चिरून बघितली, अळी आहे. धन्यवाद.

डोंबिवलीची_पोर
आईला सांगितलं. रागावली नाही, पण बाटल्यांतलं सगळं कंपोस्टच्या बादलीत ओतलंन आणि लगेच पिल्लं काढायला बसली, कोणती कोणाला हे पण तिचं ठरलंय. फोटोला साडीच नेसणार आणि वर गाऊन पण घालणार म्हणते, दोन्ही. काकू, मसूर डाळ भाजून घ्यायची का कच्चीच दळायची? आणि धुवायची का?

सातारची_काकू
भाजायची नाही आणि धुवायची पण नाही, धुतली तर या हवेत वाळायची नाही. कोरड्या सुती फडक्यात घालून चांगली चोळ, पंख्याखाली तासभर पसर आणि घरच्या मिक्सरलाच दळ, गिरणीत दिलीस तर आधीच्या पिठाचा वास लागतो. पाकिटात भरायच्या आधी पूड पूर्ण गार होऊ दे.