‘असावा’ हा हुकूम की अंदाज?

रेवती_भा : कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी एका निकालाचा मराठी गोषवारा करतेय आणि एका क्रियापदापाशी अडकलेय. निकाल सर्वोच्च न्यायालयाचा, 1984 चा, शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य. पुण्यातल्या जुन्या मंडळींना मंजुश्री सारडा प्रकरण म्हटलं की आठवेल. जून 1982 मध्ये सायनाइडने तिचा मृत्यू झाला. सत्र न्यायालयाने नवऱ्याला फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडलं. परिस्थितिजन्य पुराव्याची पाच सूत्रं याच निकालात आहेत, न्या. फझल अलींनी त्यांना ‘पंचशील’ म्हटलंय. पहिलं सूत्र असं की ज्या परिस्थितीवरून दोष ठरवायचा ती ‘मस्ट ऑर शुड बी’ शाबित, ‘मे बी’ चालणार नाही. मी लिहिलं, ‘परिस्थिती पूर्णपणे शाबित झालेली असावी.’ तपासणाऱ्या सरांनी समासात पेन्सिलीने लिहून पाठवलं, ‘असावी? म्हणजे झाली असेल बुवा, असं?’

वाचून गारच पडले. ‘अर्जावर सही असावी’ हा हुकूम, ‘सही त्याचीच असावी’ हा अंदाज. न्यायालय म्हणतंय की हा फरक नुसता व्याकरणाचा नाही, कायद्याचाही आहे. आणि आपण दोन्ही कामं एकाच शब्दाकडून करून घेतोय. काय लिहू?

अण्णा जोगळेकर : घोळ काही नाही. विध्यर्थ. शाळेत घोकलं होतं: कर्तव्य, शक्यता, योग्यता, इच्छा. ‘असलीच पाहिजे’ लिहा आणि मोकळे व्हा.

कढीपत्ता : अण्णा, तोही तितकाच लबाड आहे हो. ‘खिडकीत दिवा दिसतोय, म्हणजे ते घरी असलेच पाहिजेत.’ हा हुकूम आहे का? अंदाजच, फक्त मिशीला पीळ दिलेला. आणि खुनाच्या बाबतीत नेमका हाच धोक्याचा. ‘त्यानेच मारलं असलं पाहिजे’ हे वाक्य सगळा गाव म्हणतो.

सदाशिवकर : तेव्हा मी आठवीत होतो. आमच्या वाड्यात नळ सकाळी सहाला यायचा आणि न्यायालयही तिथेच भरायचं. पहिल्या दिवशी आत्या म्हणाली, ‘नवऱ्याने विष दिलं म्हणे.’ दोन दिवसांत ‘म्हणे’ गळालं. मग ‘दिलं असेल’, मग ‘दिलं असणार’. आठवडा उलटायच्या आत आत्याची बादली भरता भरता ‘त्यानेच दिलं’ झालं होतं. पोलीस तपास कुठवर आलाय हे त्या नळावर कुणालाही माहीत नव्हतं. ‘असेल’पासून ‘च’पर्यंत यायला पुरावा लागत नाही, बादली भरायला लागतो तेवढा वेळ पुरतो.

वैदर्भी : आमच्याकडे ‘असन’ म्हणतात. ‘त्यानंच मारलं असन.’ म्हणणाऱ्याच्या तोंडाकडे पाह्यल्याशिवाय कळत नाही की शंका हाय का खात्री.

तिरफळ : मालवणीत ‘आसात’. ‘तेनाच मारल्यान आसात.’ वर ‘माका काय म्हायत’ जोडला की म्हणणारो सुटलो.

नंदिनी : नळावरच्या बायका हे सोपं लक्ष्य आहे, सदाशिवकर. त्या वेळी नारी समता मंचाने ‘मी एक मंजुश्री’ प्रदर्शन काढलं होतं. आईबरोबर पाहायला गेले होते. आई एकाच फलकापुढे बराच वेळ उभी राहिली, परतताना बसमध्ये एक शब्द बोलली नाही. तिच्या मनात तो नवरा कोण होता याचा अंदाजही नव्हता. ती ‘असणार’ म्हणाली असती तर शेजारच्या घरात रोज काय ऐकू येतं त्यावरून म्हणाली असती. मंजुश्रीने बहिणीला, मैत्रिणीला लिहिलेली पत्रं कोर्टातसुद्धा वाचली गेलीच ना? अशा ‘असणार’ला अफवा म्हणू नका.

सदाशिवकर : मी अफवा कुठे म्हटलं? आत्याच्या व्याकरणाबद्दल बोलतोय. पत्रांवरून छळ दिसतो म्हणणं वेगळं, विष कुणी दिलं हे वेगळं. आत्महत्येची शक्यता पुसता येत नाही, म्हणूनच तर संशयाचा फायदा मिळाला.

फारसीप्रेमी : ‘अफवा’वरून आठवलं. मूळ अरबी शब्द तोंडाचं अनेकवचन आहे. अफवाह म्हणजे नुसती तोंडं! आपल्या ‘वदंते’तही बोलणंच आहे, पण एवढी गर्दी नाही.

अण्णा जोगळेकर : अरबीचा विषय निघालाच आहे तर ‘शाबित’ कशाला? आपला ‘सिद्ध’ आहे की. कोर्टाची भाषा अजून पेशवाईतून बाहेर यायला तयार नाही.

कढीपत्ता : ‘नैवेद्य सिद्ध आहे’ म्हणजे तयार आहे. मग पोलिसांनी पुरावा सिद्ध केला म्हणजे काय केलं, शिजवला?

फारसीप्रेमी : 😂 शिवाय पुरावा कायद्याच्या कलम 3 मध्ये खाने तीन होते: शाबित, नाशाबित आणि शाबित न झालेलं. ‘असिद्ध’मध्ये शेवटचे दोन एकत्र कोंबले जातात. खोटं ठरलेलं वेगळं, खरं ठरवता न आलेलं वेगळं.

नंदिनी : आणि लोकांकडे खाने दोनच. केलं, नाहीतर सुटला.

कढीपत्ता : ‘सुटला’ हा शब्दच बघा. शाळा सुटते, जनावर दावणीतून सुटतं. जो ‘सुटला’ तो आधी बांधलेला होता आणि बांधलेलाच बरा होता, असं त्यात येतंच. आणि रेवतीताई, तुम्हीही वर ‘सोडलं’ लिहिलंय.

रेवती_भा : लिहिलंय खरं. गोषवाऱ्यात ‘निर्दोष मुक्तता’ आहे, इथे हात सैल सुटला. (पुन्हा सुटला!) पण माझं ‘असावी’ तसंच लटकलंय.

अण्णा जोगळेकर : ‘निर्दोष’ तरी कसं? संशयाचा फायदा आणि निर्दोष एकच का?

सदाशिवकर : कायद्यापुढे एकच. आरोप शाबित झाला नाही की माणूस निर्दोष. मधली जागा नळावर असते, कोर्टात नाही.

नंदिनी : मधल्या जागेतच ती पत्रं राहतात, त्याचं काय?

फारसीप्रेमी : गंमत म्हणजे ‘लोकापवाद’ हा शब्द आपण सीतेसाठी राखून ठेवलाय. नवऱ्याविषयी बोलतात तेव्हा ती नुसती ‘चर्चा’.

रेवती_भा : उद्या पानं छापायला जातायत. अखेर वाक्य मोडलं: ‘परिस्थिती पूर्णपणे शाबित व्हायलाच हवी, ती शाबित झाली असेल, एवढं पुरणार नाही.’ ‘असावी’ सगळीकडून काढून टाकलं. सरांनी पेन्सिलीने बरोबरची खूण केली आणि खाली लिहिलं, ‘लांब झालं.’

अण्णा जोगळेकर : ‘हवी’ म्हणजे इच्छा झाली हो. चहा हवा, तसं.

कढीपत्ता : अण्णा!

अण्णा जोगळेकर : बरं, ते असू द्या. पण नैवेद्य ‘सिद्ध’ आमच्याकडे कुणी म्हणत नाही. ‘नैवेद्याचं पान वाढलं’ म्हणतात.

तिरफळ : आमच्याकडे म्हणतत.