पुस्तकांच्या पाठीवरचे आकडे पुसायला निघालेल्यांना

जुनं_कपाट: काल इथं एकानं लिहिलं, "शोधपेटीत दोन शब्द टाकले की पुस्तक मिळतं, वाचनालयांनी आता पाठीवरचे आकडे पुसून टाकावेत." वाचून रात्री झोप आली नाही. सोलापुरात तीस वर्षं मी हेच आकडे चिकटवलेत. डॉ. कोटणीसांवर प्रकल्प करायला एक मुलगी आली होती. वैद्यकाच्या 610च्या कपाटात शेजारीच आनंदीबाई जोशींचं चरित्र दिसलं, तेही घेऊन गेली. ते नाव तिनं शोधपेटीत टाकलं असतं का? माहीतच नव्हतं तिला.

लूम_ते_लॅपटॉप: ते मीच लिहिलंय, काका. कोटणीस 1938 साली चीनला गेले, 1942 साली तिथंच वारले. चीनच्या इतिहासाच्या कपाटापाशी उभा राहिलेल्याला ते कसे सापडायचे? पुस्तक एकाच जागी उभं राहतं, फाइलला दहा खुणा लावता येतात. आणि हे आकडे ज्याच्या पद्धतीचे, त्या ड्यूईची एवढी माया कशाला? धर्माच्या 200च्या घरात बहुतेक जागा ख्रिस्ती धर्माला, आपला हिंदू धर्म 294.5वर. हे कसलं ज्ञानाचं वर्गीकरण?

जुनं_कपाट: ड्यूईचं वकीलपत्र मी घेतलेलं नाही. विषयाचे पैलू पाडा, स्थळ वेगळं, काळ वेगळा, हे आपल्या ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी 1933 सालीच त्यांच्या कोलन वर्गीकरण पद्धतीत करून दाखवलं. तुमच्या दहा खुणा म्हणजे तेच. पण त्या लावणार कोण?

पूर्वभागातली: आमचं घर इथंच अडकलंय. वडील चादरीची डिझाइनं करायचे. जकार्ड मागाला नक्षी सांगणारे, भोकं पाडलेले पुठ्ठे सुतळीनं बांधून खुंटीला टांगलेले असत. मोराचे एकीकडं, वेलबुट्टीचे दुसरीकडं, आणि न खपलेले दाराजवळ. भावानं सगळ्यांचे फोटो काढले आणि पुठ्ठे रद्दीत घातले. आता मोबाइलमध्ये नऊशे फोटो आहेत, नावाच्या जागी नुसती तारीख. न खपलेले कुठले, ते सांगणारी खुंटीच गेली.

मोहोळकर: शब्द टाकला की मिळतं म्हणे! गावाच्या इतिहासाची दोनशे पानं मी 2003 साली टाइप केली, जुन्या फाँटमध्ये. आज 'सोलापूर' शोधलं तर शून्य. जुन्या कागदांत 'शोलापूर' आहे, ते तर आणखी वेगळं.

लूम_ते_लॅपटॉप: मग युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या अक्षरांत, बदलून घ्यायचं होतं. वीस वर्षं काय केलंत?

मोहोळकर: तोंड सांभाळून बोला. बदलून घेतलं होतं. जोडाक्षरं फुटली, रफार भलत्याच अक्षरावर गेले. एकेक ओळ मूळ कागदाशी ताडून पाहायला माझी बायको सहा महिने बसली होती. तुमच्या यंत्राला हे दिसत नाही.

लूम_ते_लॅपटॉप: बरं, ते बोलायला नको होतं. वहिनींच्या मेहनतीबद्दल मला कल्पना नव्हती. पण दोष शोधण्याचा नाही, फाँटचा आहे. युनिकोड झालेल्या पानांत 'शोलापूर' टाकलं तरी 'सोलापूर' सापडेल अशी जोडणी करता येते.

जुनं_कपाट: करता येते, पण दोन्ही एकच गाव हे आधी माणसानंच सांगावं लागतं. मी एवढंच म्हणतोय.

लूम_ते_लॅपटॉप: आकडे पुसा हे मागं घेतो. 294.5चं घेणार नाही. ताई, फोटो पाठवा, खुणा लावायला मी बसतो.

पूर्वभागातली: तुम्हाला मोर आणि वेल दिसेल हो. कुठलं डिझाइन का खपलं नाही, ते वडिलांच्या जोडीदारालाच ठाऊक. ते पंच्याऐंशीचे आहेत. आधी त्यांच्याकडं जाऊ.